काच तेवढी नवी

सकाळी ती कर्रकर्र ऐकू आली नाही, तेव्हा यमुनानं डोळे उघडलेच नाहीत. उघडले असते तर शेजारच्या खाटेकडे बघावं लागलं असतं.

कर्रकर्र म्हणजे गोपीनाथच्या मनगटी घड्याळाला चावी देण्याचा आवाज. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची सकाळ त्याच आवाजानं व्हायची. गंमत अशी, की ज्याच्या हातून तो निघायचा त्याला तो कधी ऐकूच आला नव्हता. मिलच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात, गोपीनाथचे कान तरुणपणीच गेले होते. तिथं सगळेच एकमेकांचे ओठ वाचून बोलायचे आणि घरी येऊनही तसेच बोलायचे. यमुनाही शिकली. परदेशीपुऱ्याच्या त्या चाळीत नव्यानं आलेल्या बिऱ्हाडांना वाटायचं, या दोघांत अबोला आहे. खरं तर दोघं तावातावानं भांडत असायची, फक्त आवाज न करता.

मिलला टाळं लागून दुसरं वर्ष सरत आलं होतं. भोंगा थांबला, पण गोपीनाथ त्याच वेळेला उठायचा, घड्याळाला चावी द्यायचा, दाढी करायचा आणि इस्त्रीचा शर्ट घालून दारातल्या खुर्चीत बसायचा. कुठंही जायचं नसलेला माणूस इतका तयार होऊन बसलेला बघवत नसे, पण निदान बसायचा तरी. मग घड्याळ बंद पडलं. त्यानं ते झटकलं, हनुवटीच्या हाडाला लावून टिकटिक लागते का पाहिलं आणि उशाशी ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. ताप नाही, दुखणं नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडला. बहिऱ्या माणसानं भिंतीकडे तोंड केलं की संपलंच. त्याला ओठ दाखवायचे तरी कसे?

यमुनाला शरच्चंद्र आठवायचा. त्याच खात्यातला, गोपीनाथच्या शेजारच्या मागांवरचा. तोही असाच पडून होता. मग एका सकाळी उठला, स्वच्छ अंघोळ केली, जरा फिरून येतो म्हणाला. बायकोला इतका आनंद झाला की तिनं पोहे भिजवले. त्याच्या चपला तलावाच्या काठावर सापडल्या, शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढाव्यात तशा नीट. यमुनाला धसका होता तो त्या नीटपणाचा. नवरा पडून राहिला तरी भीती, आणि उठला तरी भीतीच.

मुलगा यतीन भंवरकुआंला एका कोचिंगमध्ये कंप्यूटर शिकवायचा आणि रविवारी घरी यायचा. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असे. बाबांनी पोलोग्राउंडच्या एखाद्या कारखान्यात चौकीदारी धरावी, हा एक. घड्याळासाठी दुसरा.

"आई, अंदरची मशीनच काढून टाक ना. सेलवाली बसव. वरून पॉलिश, नवा डायल. बाबांना रोज चावी द्यायची झंझटच नको."

झंझट नको तर माणूस उठेल कशाला, हे यमुनाच्या ओठांवर आलं होतं. पण यतीनला ओठ वाचता येत नसत. तो शिकलाच नव्हता.

घड्याळ रुमालात बांधून ती राजवाड्यामागच्या गल्लीत गेली. तिथं बाळकृष्ण घडीवाल्याचं कपाटाएवढं दुकान होतं. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "ही घडी आहे का रजई?"

आत कापसाची करडी तूस भरली होती. झाकण बंद असूनही साचेखात्यानं तिथंवर वाट काढली होती. बाळकृष्णनं चिमट्यानं तिचा एक पुंजका उचलून कागदावर ठेवला. यमुना त्याच्याकडे बघत राहिली. मिलमधून घरी आलेल्या गोपीनाथच्या भुवयांवर हीच तूस असायची. ती पदरानं झटकायची आणि तो वैतागायचा.

बाळकृष्णला आता चेव आला. घड्याळ जुनं, भारी, आजकाल असं कोण बनवतं. मशीन धुऊन, नवी स्प्रिंग टाकून देतो म्हणाला. पिवळी पडलेली तबकडी नव्यानं रंगवतो, डबी घासून चमकवतो, काच बदलतो. आणि हे काय लावून ठेवलंय, नळाची तोटी?

त्यानं बोट ठेवलं होतं ते चावीच्या बोंडावर. मोठं, पितळी, अगदी बेढब. गोपीनाथच्या उजव्या अंगठ्याचं पेर मागात गेलं होतं आणि उरलेल्या थोटकात घड्याळाचं बारीक बोंड धरता येईना, तेव्हा मिलच्या वर्कशॉपमधल्या फिटरनं त्याला हे घडवून दिलं होतं.

"ते तसंच राहू द्या," यमुना म्हणाली.

"और डायल?"

तबकडीबद्दल तिला सांगता येईना. सगळं नवं केलं तर उद्या तो हातात घेईल आणि म्हणेल, हे कुणाचं? मिलनं परकं केलं, आता घड्याळानंही करायचं का? आणि काहीच नाही केलं, आहे तसं मळकट दिलं, तर म्हणेल, आता यात काय राहिलंय. माणसाचं कुठवर धुवायचं आणि कुठं थांबायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. धुणं असतं तर तिला कळलं असतं.

"आतलं सगळं करा," ती शेवटी म्हणाली. "बाहेरचं काही नको."

बाळकृष्णचा चेहरा पडला. लोक म्हणतील बाळकृष्णनं काही केलंच नाही, अशी त्यानं कुरकुर केली. निदान काच तरी बदलू द्या, वहिनी. ओरखड्यांनी आंधळी झालीय, आणि वर ही भेग, कडेपासून थेट मध्यापर्यंत. वेळ दिसायला नको का माणसाला?

हे तिला पटलं. वेळ दिसायला हवी. जुनी काच ठेवू का टाकू, त्यानं विचारलं. टाका, ती म्हणाली.

परवा घेऊन जा, असं तो म्हणाला तेव्हा मात्र तिला ते इतक्या लवकर नको झालं. घड्याळ बंद होतं तोवर गोपीनाथच्या पडून राहण्याला एक कारण होतं. घड्याळ चालू झालं आणि तरीही तो उठला नाही तर? मग कारण उरणार नव्हतं, नुसता तो उरणार होता. ती परवा गेली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही बाजार आहे, दळण आणायचं आहे असं करत घरातच राहिली. अखेर गेली तेव्हा तिनं बाळकृष्णला चावी देऊ दिली नाही. चावी घरी हेच देतील, म्हणाली. तिन्हीसांजेला तिनं घड्याळ उशाशी ठेवलं, तिथंच, त्याच कोनात. गोपीनाथनं पाहिलं की नाही, कळलं नाही.

सकाळी कर्रकर्र आली.

यमुना पडून ऐकत राहिली. डोळ्यांतून पाणी कानात गेलं तरी हलली नाही. कर्रकर्र थांबली. मग गोपीनाथचा आवाज आला, बहिऱ्या माणसाचा, गरजेपेक्षा मोठा, चाळीतल्या पहिल्या बिऱ्हाडापर्यंत जाणारा.

"काच कुणी बदलली?"

ती उठून त्याच्यासमोर बसली. मी, असं तिचे ओठ म्हणाले. दिसत नव्हतं ना काही.

"मला दिसत होतं." त्यानं काचेवर थोटका अंगठा फिरवला. "भेग होती इथं. लहान काटा भेगेत शिरला की पाळी सुटली. भोंगा मला कुठं ऐकू येत होता? हीच माझी सुट्टी."

यमुनाला आठवलं, मिल बंद झाल्यावरही दुपारी साडेतीनच्या सुमारास तो मनगट बघायचा, खुर्चीतून उठायचा, शर्ट खुंटीला लावायचा आणि चहा मागायचा. ती समजायची, भूक. तो रोज घरी येत होता, आणि तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"आता सुटायचं कधी?" तो म्हणाला. हे मात्र हळू म्हणाला.

मग तो उठला. तोंड धुतलं, शर्ट घातला, कुठं निघालो हे न सांगता चपला पायात सरकवल्या. तिनं दारात आडवी येऊन विचारलं तेव्हा तो तिच्या ओठांकडे न बघताच बाहेर पडला.

यमुना तशीच त्याच्या मागं गेली, पदर नीट नाही, केस विंचरलेले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी पोह्यांच्या गाडीवाल्यानं विचारलं, "क्या हुआ, काकी?" ती थांबली नाही. गोपीनाथ भराभर चालत होता, इतक्या दिवसांचं अंथरूण जणू धरलंच नव्हतं. हाक मारून उपयोग नव्हता. दगड मारला असता तरच त्यानं वळून पाहिलं असतं, आणि हा विचार तिनं खरोखर केला. पुढं चौक होता. उजवीकडचा रस्ता राजवाड्याकडे जायचा. डावीकडचा तलावाकडे.

चौकात तो थांबला. टेम्पो गेले, एक सायकल गेली. त्यानं मनगट वर करून पाहिलं, खाली केलं, पुन्हा पाहिलं. यमुनाची नजर त्याच्या चपलांवर होती. पाय डावीकडे वळले असते तर ती धावून पोचली असती का, याचा हिशोब तिच्या गुडघ्यांनी केला आणि उत्तर नाही असं आलं.

तो उजवीकडे वळला.

बाळकृष्णचं दुकान अजून उघडायचं होतं. गोपीनाथ शटरसमोरच्या पायरीवर बसला. यमुना धापा टाकत आली, तेव्हा त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यानं नुसती सरकून जागा केली.

"जुनी काच परत घेतो," तो म्हणाला. "नवी त्याची त्याला."

टाका, हे तिनंच सांगितलं होतं. तिनं रस्त्याकडे बघत, भरभरून, आवाज काढून सगळं सांगितलं: ती काच नाहीये हो, मीच टाका म्हटलं, मला काय ठाऊक. समोरून येणाऱ्या फूलवालीनं ऐकलं. गोपीनाथनं नाही ऐकलं. त्याच्याकडे तोंड न करता बोललेलं बोलणं धरायचं नाही, हा त्या दोघांचा जुना नियम होता. तिनंच केलेला, भांडणांसाठी.

म्हणून तिला वळावं लागलं. आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करत, तिनं ते पुन्हा सांगितलं. बोलताना तिची नजर त्याच्या डोळ्यांवर होती. आत कुठं भिंतीकडे तोंड वळतंय का, ते ती बघत होती.

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला, ते मिटल्यावरही.

"टाकतो कुठं तो?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"येऊ दे त्याला. विचारू." त्यानं घड्याळ हनुवटीला लावलं, काढलं. "नाहीच सापडली तर?"

हा प्रश्न त्यानं तिला विचारला होता, की काचेला, की आणखी कुणाला, हे तिला कळलं नाही. तिनं त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं आणि सोडलं नाही. गल्लीच्या टोकाला सायकलची घंटी वाजली, आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत कुणीतरी येऊ लागलं. तिनं त्याला कोपरानं डिवचून सांगितलं, आला.