आतडं माझं, डोळाही माझा

बेरियमच्या एक्स-रेत माझं मोठं आतडं खडबडीत दिसलं, म्हणून डॉक्टरांनी मागून नळी घातली. त्र्याऐंशी साल होतं. पडदा-बिडदा नव्हता, नळीच्या टोकाला डोळा लावूनच बघायचं. आधी डॉक्टरांनी बघितलं, मग माझ्या लेकीनं, पॉलिननं. दोघं कुजबुजायला लागली.

मी ओरडले, "आतडं माझं ना? आणा इकडं!"

मीही डोळा लावला. आत गुळगुळीत, फिकट गाठी दाटीनं बसल्या होत्या.

"लिम्फोमा वाटतोय, म्हणजे कॅन्सरच. तुकडा तपासू. औषधं आहेत," डॉक्टर म्हणाले.

पॉलिन रडत म्हणाली, "आई, गावात, पापडीत, नुसती आव पडतेय म्हणून सांगू."

"खबरदार! रविवारी चर्चमध्ये मिस्सेत अख्खं गाव माझ्यासाठी प्रार्थना करणार. ती काय आवेसाठी करू देऊ?"