पन्नासावी प्रत

टप्. दुपारच्या शांततेत नळाचा थेंब माझ्या पाठीवर पडला. लाकडाला पाण्याची भीती असते, मित्रांनो. मी एक जुना लाकडी ठसा आहे. त्या पाण्याचं सांगतोच, पण आधी माझी ओळख.

मला रामिरोकाकांनी घडवलं. काका मेक्सिकन आईबापांचे, पण टेक्सासातच जन्मलेले; स्वतःला अभिमानानं चिकानो म्हणवतात. पेकान झाडाच्या ओंडक्यांतून त्यांनी माणसाएवढ्या मूर्ती कोरल्या आणि उरलेल्या एका फळीवर आपल्या आईचे हात कोरले, मक्याची तोर्तिया थापणारे. ती फळी म्हणजे मी.

माझ्यावर शाई फिरवून कागद दाबला की ते हात उमटत. शाळांच्या भिंतींवर गेले, एका म्युझियममध्येही गेले. फार कौतुक झालं. पण आमच्यात एक रीत आहे. पन्नास प्रती ठरल्या की पन्नासच. शेवटची निघाली की ठशावर आडवी रेघ खोदायची, म्हणजे पुन्हा कुणी छापू नये. एकोणपन्नास झाल्या आणि काका थांबले. आईच्या हातांवर त्यांना रेघ ओढवेना. बारा वर्षं मी कपाटात धूळ खात पडलो.

पुढे काकांचे हात थरथरू लागले. छपाईचं यंत्र विकलं. प्लेनो गावातलं घर सोडून मुलीकडे राहायला जायचं ठरलं, आणि पन्नासावी प्रत तिला द्यायची होती. आवराआवरीला शेजारची उत्तरा आली, चार वर्षांच्या लेकीला, अनयाला घेऊन. मला पाहताच अनया म्हणाली, "आजीची भाकरी!"

उत्तराला मात्र माझ्यावरचा वाळल्या शाईचा काळा थर मळ वाटला. तिनं मला पोळपाटासारखं गरम पाण्यात घासलं आणि उन्हात उभं केलं. संध्याकाळपर्यंत मी पापडासारखा वाकलो.

कळल्यावर ती रडकुंडीला आली. काका मात्र हसले. त्यांची आईसुद्धा दिसेल ते धुवायची म्हणे. मग म्हणाले, "तुझ्याकडे तांदळाची मोठी पिशवी असेलच."

ओल्या फडक्यात गुंडाळून मला वीस पौंड तांदळाखाली ठेवलं. उत्तराकडे तीन दिवस नुसत्या पोळ्या झाल्या. चौथ्या दिवशी मी सरळ झालो. यंत्र नव्हतंच, काका सांगत गेले तशी उत्तरा कागदावर स्टीलच्या वाटीचं बूड घासत गेली. कागद उचलला. दहाही बोटं शाबूत.

मग काकांनी पटाशी उचलली. मी जीव मुठीत धरला. उत्तरानं त्यांचं मनगट आधाराला धरलं आणि रेघ ओढली गेली ती अगदी खाली, माझ्या मोकळ्या कडेवर. रीतही राहिली, हातही राहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया करा, पण धुण्याआधी त्यांच्या माणसाला विचारा.

उत्तराचे हात शाईनं काळे झाले होते. अनया त्यातलं एक बोट धरून बघत राहिली.

"आई," तिनं विचारलं, "तुझे हँड्स कोण कार्व्ह करणार?"