दुपारी मिटलेलं तण

वनस्पतिशास्त्र हे डोळे उघडे ठेवणाऱ्यांचं शास्त्र आहे, असं मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगतो. गेली बावीस वर्षं मी ते फळ्याकडे तोंड करून सांगतो आहे.

वडिलांचं शेत ताई करते. यंदा तिने पहिल्यांदाच बियाण्याचा गहू घेतला आणि त्यात पाहणीला आलेल्या निरीक्षकाला बांधालगत एक बारीक, जमिनीला चिकटलेलं तण दिसलं. ते बियाण्यात चालत नाहीत अशा तणांच्या यादीतलं निघालं तर सगळं शेत बियाणं म्हणून बाद. बिनयादीतलं निघालं तर उपटा आणि विसरा. निकालापर्यंत नमुन्यापुरतं सोडून उपटायचं नाही म्हणून त्याने भोवती लाल फीत बांधली आणि शुक्रवारी दोनपर्यंत जाणकाराचा लेखी दाखला मागितला. जाणकार म्हणजे मी. घरात दुसरा कोणी नव्हता.

"तो यायच्या आधीच उपटायचं ना! कळलंही नसतं," मी म्हणालो.

"त्याला नसतं कळलं. पण तणाचं गळलेलं बी माझ्या बियाण्यातून पेरणाऱ्याच्या शेतात उगवलं असतं, त्याचं काय?"

लहानपणीही ताई फुटलेली बरणी स्वतःहून आईला दाखवायची. मार दोघांना बसायचा.

सोमवारी चार वाजता पोचलो. सकाळी मला तास असतात; शिवाय झाडं काही पळून जात नाहीत. सगळ्या नुसत्या मिटलेल्या कळ्या. एक रोप वर्तमानपत्रात गुंडाळून कॉलेजात नेलं आणि दोन जाडजूड ग्रंथांखाली दाबलं. दुसऱ्या दिवशी कळ्यांचा पापड झाला होता. ओळख पटवायच्या पुस्तकातला पहिलाच प्रश्न होता, पाकळ्यांचा रंग कोणता? पांढरा असेल तर यादीतलं, निळा असेल तर त्याचं निरुपद्रवी सोंग. आमच्या विभागप्रमुखांनी पापडाकडे लांबूनच पाहून "पांढरा" असं मत दिलं.

बुधवारी पुन्हा चार वाजता गेलो. पुन्हा कळ्या.

"अजून फुलायचं दिसतंय," मी म्हणालो.

ताईने एक काडी चिमटीत फिरवली. "ही चौकोनी लागते रे हाताला. यादीतल्याची कशी असते?"

"ताई, शास्त्रात आधी फूल, मग काडी."

"मग फूल बघायला सकाळी ये की. नऊला उघडतं, तीनला मिटतं. रोजचं आहे त्याचं. निळं असतं."

"हे सोमवारी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू वर्तमानपत्र मागितलंस, मी दिलं. आणि माझा दाखला कोण घेतोय?"

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण: 'फूल पाहणे'. प्राचार्यांनी अर्ज दोनदा वाचला. बुडालेल्या तासाचा विषय होता, फुलाची रचना.

नऊ वाजता आभाळ गच्च भरलेलं होतं. कळ्या घट्ट मिटून बसलेल्या. दहा वाजले, साडेदहा वाजले. ताई बांधावर टेकली. तिला कामाच्या वेळी बसलेलं मी प्रथमच पाहत होतो.

"नाहीच उघडलं आज तर?" तिने विचारलं.

"तू पाहिलं आहेस ना? लिहून टाकतो निळं."

"न बघता लिहायचं नाही," ती म्हणाली. "मग उपटलंच असतं की मी."

साडेअकराला ढग फाटले. ऊन पडलं आणि काही वेळाने एक कळी उघडली, मग तिच्या शेजारची, मग बांधाची अख्खी कडा निळी. करंगळीच्या नखाएवढं फूल, मध्यभागी जांभळट ठिपका. आमच्या वर्गातल्या तक्त्यावर फूल जेवणाच्या ताटाएवढं आहे. मी गुडघ्यांवर बसलो, मग चक्क आडवा झालो.

"पुरे आता," ताई म्हणाली. "रडायचं असेल तर दाखला लिहून मग रड."

निरीक्षक दोनला आला. त्याने दाखला वाचला, काडी फिरवून "यादीतल्याची गोल असते" म्हणाला, फीत सोडली. शेत पास झालं. ताईने आणि दाजींनी सगळं तण चाळीस मिनिटांत उपटलं.

एक रोप मी कॉलेजच्या संग्रहासाठी ठेवलं होतं. नीट वाळवून, कागदावर चिकटवून सोमवारी कपाटातला त्या जातीचा खण उघडला. आत एक कागद आधीच होता. स्थळ: आमचं शेत. गोळा करणारा: मी, पदवीचं दुसरं वर्ष. वेळ: दुपारी चार. फुलाचा रंग: आढळला नाही.