अंगुस्तानातले कुंकू

बोटावर चढवले तर मी टोपी, उलटे ठेवले तर इवलीशी वाटी. मित्रांनो, मी एक जुने पितळी अंगुस्तान आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. हाताने शिवताना सुईचे बूड बोटात घुसू नये म्हणून मला मधल्या बोटावर घालतात. माझ्या अंगावर बारीक बारीक खळगे आहेत. सुई त्यांत टेकते आणि घसरत नाही. बोटाऐवजी ती मला टोचते, एवढेच माझे काम.

सध्या मी जर्मनीतल्या इंगोलश्टाट गावी, तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराच्या खिडकीत राहते. इथून डॅन्यूब नदी दिसत नाही, पण तिचे धुके सकाळी काचेला येऊन टेकते. मग आपण जागे आहोत की स्वप्नात, हे मला कळेनासे होते. त्या धुक्यात मला एक बोट आठवते. उबदार, किंचित वाकडे, नखाजवळ चिरलेले. ते बोट प्रभाबाईंचे.

प्रभाबाई सांगलीच्या. शिवणवर्गाला जाऊ लागल्या तेव्हा दोन वेण्यांची मुलगी होत्या आणि मला त्यांनी बटणे-दोऱ्यांच्या दुकानातून घासाघीस करून आणले होते. पुढे त्यांचे लग्न झाले, मयुरेश नावाचा मुलगा झाला. दुपारी सगळे निजले की त्या मला बोटावर घालायच्या. हात चालू लागला की बांगड्या वाजायच्या, आणि त्या तालावर टाके पडत जायचे. मला तो नाद इतका आवडायचा की तो माझ्याच पोटातून येतो असे वाटायचे.

व्याकरणात मी ‘ते’ आहे, मित्रांनो. तो नव्हे, ती नव्हे. म्हणून ‘तो’साठी एक नियम आणि ‘ती’साठी दुसरा, हे मला फार उशिरा कळले. मयुरेश कॉलेजात असताना त्याचे वडील वारले. तेव्हा मी शिवणाच्या डब्यात होते. नंतर प्रभाबाईंनी मला घातले तेव्हा हात तोच होता, पण ताल नव्हता. मनगट मोकळे झाले होते. कपाळावरचे कुंकूही गेले होते. घरच्याच बायकांनी, रडत रडत, पदराने ते पुसले होते.

त्यानंतर प्रभाबाईंनी शिवणावर घर चालवले. लग्नसराईत नवऱ्यामुलींची पोलकी त्यांच्याकडे यायची. हूक, काज, बाहीची जर, सगळे आम्ही दोघांनी केले. गावातल्या बायका म्हणायच्या, “प्रभाबाईंचा टाका दिसत नाही हो!” नवरी ते पोलके घालून बोहल्यावर उभी राहायची. प्रभाबाई मात्र मांडवाच्या मागच्या दाराशी थांबायच्या. पुढे या, असे त्यांना कुणी म्हणत नसे. आणि त्याही कधी पुढे जात नसत.

मयुरेश मोठा झाला, इंजिनियर झाला, मोटारींच्या कारखान्यात कामाला इंगोलश्टाटला आला. त्याची बायको नीता, तीही इंजिनियर. इथेच त्यांची मुलगी निधी जन्मली. सांगलीत प्रभाबाईंच्या डोळ्यांना दोरा दिसेना, आणि मी डब्यात बटणांखाली पडून राहिले. काळवंडले. बोटाची स्वप्ने पाहत झोपले.

मग एका हिवाळ्यात कामावरून परतताना मयुरेशची गाडी बर्फावरून घसरली. तो गेला.

त्याची रक्षा घेऊन नीता आणि निधी सांगलीला आल्या. तेराव्याच्या दिवशी प्रभाबाईंनी सुनेसमोर हात पुढे केला. नीताने गळ्यातले मंगळसूत्र काढून त्यांच्या हातावर ठेवले. मग प्रभाबाईंनी पदराच्या टोकाने तिची टिकली काढली. ते मंगळसूत्र प्रभाबाईंनी माझ्याच डब्यात आणून ठेवले. रात्रभर त्याचे काळे मणी मला टेकून होते. थंडगार.

काही महिन्यांनी नात सांभाळायला म्हणून प्रभाबाई जर्मनीला आल्या. बॅगेत मीही होते.

इथे एक गंमत पाहिली. नीताच्या ऑफिसात तिचा मोकळा गळा कुणाच्या लक्षातच आला नाही. ती माळ कशाची होती हेच त्यांना ठाऊक नव्हते. पण इथल्या मराठी मंडळात ती गेली, की सगळ्यांचे डोळे आधी गळ्याकडे, मग कपाळाकडे आणि मग घाईघाईने दुसरीकडे वळायचे. घरी येऊन नीता नुसती बूट काढून दाराशी बराच वेळ बसायची.

निधी सोळा वर्षांची. मराठी सगळे समजायचे, उत्तर मात्र जर्मनमधून यायचे. आजीसाठी ती मोडके-तोडके मराठी बोले. एकदा शाळेतून आली ती एक इंग्रजी कादंबरी घेऊन.

“आजी, मला शिवायला शिकव.”

“अगं बाई! आज सूर्य कुठे उगवला?” प्रभाबाई हसल्या.

“फ्राऊ लिंडनरनी सांगितलंय. आमच्या इंग्लिशच्या टीचर. आल्झो, म्हणजे बघ, हे पुस्तक अमेरिकेतलं आहे, खूप जुनं. त्यात एक बाई असते. गावातले लोक फार कडक, सारखे देवाचं नाव घेणारे. तिची एक चूक होते, म्हणजे त्यांच्या मते चूक. मग ते तिला छातीवर कापडाचं एक अक्षर लावायला लावतात. लाल. कायम. सगळ्यांना दिसलं पाहिजे म्हणून.”

“आणि बाप्या? चूक काय एकटीची होती?”

“गेनाऊ, अगदी बरोबर! त्याला कोणी काही लावत नाही. पण ती काय करते माहितेय? ते अक्षर इतकं सुंदर भरते, सोन्याच्या दोऱ्यानं, की लोक बघत राहतात. आता आम्ही पण एकेक खूण भरायची. लोकांनी कुणावर तरी लावलेली. आणि वर्गात सांगायचं, ती कुणी लावली.”

प्रभाबाईंनी डबा उघडला, मला बाहेर काढले आणि पदराने पुसले. इतक्या दिवसांनी उजेड पाहिला की डोळे दिपतात, माझे सगळेच खळगे दिपले.

“त्या गावात कुणीच नव्हतं का गं तिच्या बाजूनं? बायका तरी?” त्यांनी विचारले.

“बायका सगळ्यांत वाईट, आजी. त्या म्हणतात, एवढी शिक्षा पुरे नाही.”

प्रभाबाई सुईत दोरा ओवत होत्या. दोरा तीनदा हुकला. शेवटी निधीने ओवून दिला.

“तिला लावायला लावलं,” प्रभाबाई हळूच म्हणाल्या. “आपल्याकडे काढायला लावतात.”

निधीने मान वर केली. आजीच्या कपाळाकडे पाहिले. मग भिंतीवरच्या फोटोतल्या आईकडे पाहिले, बाबांशेजारी उभ्या असलेल्या, मोठी लाल टिकली लावलेल्या.

दुसऱ्या दिवसापासून आमचे काम सुरू झाले. निधीचे बोट बारीक, मी त्यावर डुगडुगायचे. प्रभाबाईंनी आत चिंधी घालून मला बसवले. पांढऱ्या कापडावर निधीने पेन्सिलीने गोल काढला आणि त्याच्या कडेने जरीचा साखळीटाका घालत गेली. बाहेर बर्फ पडत होता. त्याचाही आवाज नव्हता आणि आमचाही नव्हता. सुई माझ्यावर टेकायची, आरपार जायची, पुन्हा टेकायची. मला वाटले, मी पुन्हा सांगलीच्या दुपारी आहे.

“आत लाल भर आता,” कडा पूर्ण झाल्यावर प्रभाबाई म्हणाल्या.

“नाही आजी. आत रिकामंच ठेवायचं.”

चिंधीमुळे मी तिच्या बोटावर घट्ट बसले होते. शाळेच्या घाईत मला काढायचे राहिले; वाटेत तिने मला जॅकेटच्या खिशात टाकले, आणि म्हणून मी तिच्या वर्गातही गेले. कुणी कैद्याच्या दंडावरचा आकडा भरून आणला होता, कुणी एक टोचणारा शब्द. निधीने कापड वर धरले तेव्हा एका मुलीने विचारले, “पण यात खूण कुठे आहे?”

“हीच ती,” निधी म्हणाली. “ती काढून घेतली आहे.”

“कुणी काढली?” फ्राऊ लिंडनरनी मऊ आवाजात विचारले.

निधी खिशात हात घालून मला घट्ट धरून उभी होती. “माझ्या आजीनं,” ती म्हणाली. “आणि आजीची, दुसऱ्या आज्यांनी.”

घरी आल्यावर तिने बूटही काढले नाहीत. सरळ आजीपुढे उभी राहिली.

“आजी, मी वर्गात तुझं नाव सांगितलं. तू आईची टिकली काढलीस ते.”

प्रभाबाई पोळ्या लाटत होत्या. लाटणे थांबले.

“रागावलीस?”

“नाही. झालं तेच सांगितलंस.” मग पोळी तव्यावर टाकून त्यांनी विचारले, “त्या पुस्तकातल्या बाईचं शेवटी काय होतं गं?”

“ती दूर निघून जाते. खूप वर्षांनी परत येते. तेव्हा तिला कुणी काही म्हणत नाही, तरी ती ते अक्षर स्वतः लावते.”

“का बरं?”

“तिला लावायचं असतं म्हणून.”

त्याच आठवड्यात मैथिलीचा फोन आला. मैथिली म्हणजे मराठी मंडळाचे कार्यक्रम पाहणारी, मनाने चांगली मुलगी. नीताने भाजी चिरता चिरता फोन स्पीकरवर ठेवला होता.

“नीताताई, रविवारी आपलं संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, चर्चच्या गेमाइंडेहाऊसच्या हॉलमध्ये. तुम्ही या वर्षी किचन सांभाळाल का? म्हणजे तुम्हाला ऑकवर्ड व्हायला नको. आणि काकूंनाही आणा ना, तीळगूळ घ्यायला.”

हे हळदीकुंकू या गावात पहिल्यांदा नीतानेच सुरू केले होते.

“बरं,” नीता म्हणाली. “मी चहा बघते.” आणि ती भाजी चिरत राहिली, चिरून झाली होती तरी.

रविवारी हॉल सगळा जरीने उजळला होता. काचेबाहेर बर्फ, आत अत्तर आणि वेलदोड्याचा वास. नीता किचनच्या खिडकीआड. प्रभाबाई आपण होऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, मांडवाच्या मागच्या दाराशी बसल्यासारख्या. इतक्यात एका छोटीच्या परकराची किनार उसवली आणि तिची आई धावत आली. “काकू, सुई-दोरा आहे का हो?” प्रभाबाईंनी पर्समधून मला काढले, बोटावर चढवले, आणि चार टाक्यांत किनार जागच्या जागी बसवली. मला काढायचे मात्र त्या विसरल्या.

कुंकू लावत लावत मैथिली दारापर्यंत आली. प्रभाबाईंपाशी क्षणभर थांबली, आणि कुंकवाचा करंडा नकळत मागे घेऊन तिने नुसता तीळगूळ पुढे केला. “गोड बोला, काकू.”

प्रभाबाई उठल्या. त्यांनी मैथिलीच्या हातातून करंडा घेतला, तोही इतक्या सहज की तिने तो देऊन टाकला. त्या हॉलच्या मधून चालत गेल्या. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना मांडवाच्या मधून जाताना पाहत होते. बायकांचे बोलणे एकेक करून थांबले. किचनच्या दारात नीता ट्रे घेऊन उभी होती.

प्रभाबाईंनी मी चढलेले तेच बोट कुंकवात बुडवले. माझ्या अंगभर कुंकू माखले. हात नीताच्या कपाळाकडे गेला.

नीताने ट्रे ठेवला आणि त्यांचे मनगट धरले. हळूच, पण धरले.

“थांबा, आई.”

“मी चुकले गं नीता. मला लावू दे.”

“तेव्हा तुम्ही काढलीत. आज तुम्ही लावताय.” नीता म्हणाली. “मला हवंय की नको, हे कुणी विचारलंच नाही, आई. तेव्हाही नाही, आत्ताही नाही.”

हॉलमध्ये चहा उकळत असल्याचा आवाज तेवढा येत होता. प्रभाबाईंचा हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी विचारले. अगदी लहान मुलीसारखे विचारले.

“हवंय का तुला?”

नीताने डोळे मिटले. “नको. आज नको. कधी हवंसं वाटलं तर माझी मी लावीन.”

“बरं,” प्रभाबाई म्हणाल्या. हात खाली येऊ लागला, पण नीताने मनगट सोडले नाही.

“आणि तुम्हाला?”

“मला काय?”

“तुम्हाला हवंय?”

मित्रांनो, त्या बोटाला मी आयुष्यभर ओळखते. सुई रुतली तरी ते कधी असे कापले नव्हते. प्रभाबाईंनी आजूबाजूला पाहिले, जणू प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारला होता. मग ओठ हलले.

“हो,” त्या म्हणाल्या. “मला फार आवडायचं गं.”

नीताने त्यांच्या बोटावरचे, माझ्या अंगावरचेच कुंकू आपल्या बोटावर घेतले आणि त्यांच्या कपाळावर टेकवले. थोडे वाकडे लागले. कुणी पुसले नाही. मैथिली रडत होती. ती पुढे आली, वाकली आणि प्रभाबाईंना म्हणाली, “काकू, आता मला तुम्ही लावा.” मग तिने नीताकडेही पाहिले. “ताई, मी तुमच्याबरोबर चहा देऊ का?”

“दे की,” नीता म्हणाली. तिचे कपाळ मोकळे होते, आणि त्या दिवशी कुणीही घाईघाईने नजर वळवली नाही.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तू जपा, त्यांना डब्याच्या तळाशी काळवंडू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण मी बोट जपणारी वस्तू आहे, म्हणून बोटांविषयीही सांगते. तुमचे बोट कुणाच्या कपाळाकडे, गळ्याकडे, अंगावरच्या कशाकडेही जायला निघाले, काही लावायला किंवा काही पुसायला, प्रेमाने जरी निघाले, तरी आधी थांबा. विचारा. आणि उत्तर काहीही आले तरी ऐका.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर निधीने मला नळाखाली नेले. माझ्या खळग्याखळग्यांत लाल कुंकू बसले होते. तिने नळ सोडला आणि अचानक हात मागे घेतला. मला उजेडापाशी धरून तिने चक्क मराठीत विचारले,

“धुऊ?”

मला बोलता येत नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली, नळ बंद केला आणि मला तसेच लाल, खिडकीत ठेवून दिले.