सदुसष्टाव्या मिनिटाचा गोल

फर्गस लिडल यांचं पत्र मार्चच्या चौदा तारखेला आलं होतं. मी उत्तर दिलं नाही. पत्र मोठ्या शब्दकोशाखाली ठेवलं आणि मग शब्दकोश उघडायचंच टाळलं.

एकच पान होतं. 'जुलै १९८३, पिटलॉयविरुद्धचा मैत्रीपूर्ण सामना. त्या दिवशी मी आर्डनहिल थिसलकडून उजव्या बगलेवर खेळलो आणि गोल केला. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही. क्लब आता फलक लावतोय असं ऐकलं. थिसलचा शर्ट ज्यांनी ज्यांनी घातला, त्या सगळ्यांची नावं. तुम्ही लिहून दिलंत तरच नाव लागतं म्हणे. तो शर्ट मी एकदाच घातला. वडील साक्षीला होते, ते गेले. मित्र हसतात. दोन ओळी लिहाल का?'

दोन ओळी. मी सात मसुदे केले. प्रत्येकात भाषा सुधारली आणि प्रत्येक फाडून टाकला.

मी गावचा ग्रंथपाल होतो. थिसल या आमच्या फुटबॉल क्लबच्या नोंदी चौरेचाळीस वर्षं ठेवल्या. मैदानावर मला कधीच काही जमलं नाही, म्हणून कडेला वही घेऊन उभा राहिलो. चाचणीसाठी बोलावलेल्या खेळाडूचं नाव आमच्याकडे छापत नाहीत. यादीत नुसतं 'ट्रायलिस्ट' लिहितात. चांगला निघाला आणि नाव फुटलं तर दुसरा क्लब पळवेल, ही भीती. मला मात्र नावं कळायची. मध्यंतरात चहा देताना मी विचारून घ्यायचो.

त्या दिवशी समुद्रावरून आडवा पाऊस येत होता. लिडल तेव्हा विशीचा, हडकुळा. दोघांना चकवून तो आत शिरला आणि डाव्या पायाने चेंडू खांबाला घासून आत घातला. मी वहीत पेन्सिलीने लिहिलं : '६७ मि. एफ. लिडल (ट्रायलिस्ट).'

संध्याकाळी निकाल कळवायला मी वर्तमानपत्राला फोन लावत होतो, तेवढ्यात मॅनेजरने रिसीव्हरवर हात ठेवला. "आर्ची, गोल रेनीच्या नावावर टाक. पोराची सही आपण सोमवारी घेऊ. तोवर कुणाला पत्ता लागायला नको."

मी टाकला. सोमवारी सही झाली नाही. गॉर्डन रेनी त्याच जागेवर खेळायचा आणि तो अध्यक्षांचा जावई होता.

पुढे क्लबचा इतिहास लिहायची वेळ आली. माझं एकुलतं एक पुस्तक. वही कपाटात होती, पण मी वर्तमानपत्राचं कात्रण समोर घेतलं. घाईत झालं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तोवर रेनीच अध्यक्ष झाला होता आणि पुस्तक क्लब छापणार होता. पान शहाण्णव : 'रेनीचा डाव्या पायाचा अविस्मरणीय गोल.' 'अविस्मरणीय' हा शब्द मीच शोधून घातला.

यंदाच्या जुलैत पिटलॉयशी पुन्हा मैत्रीपूर्ण सामना ठरला आणि फलकाचं अनावरणही त्याच दिवशी. नावांची यादी मी दिली. लिडल तीत नव्हते.

मध्यंतरात मी बोव्हरिल या मांसरसाच्या पेयाचा गरम कप घेऊन फलकाजवळ उभा होतो. साठीचे दोघे आले. एकाने चष्मा पुसला आणि तो सोनेरी नावांवरून बोट फिरवायला लागला. दुसरा मागून डोकावत होता.

"काय रे फर्गस, सापडलास का?"

"थांब ना, टॅम."

"किती थांबू? चाळीस वर्षं थांबलोय. खाली बघ, ट्रायलिस्ट म्हणून असशील. स्कॉटलंडात सगळ्यात जास्त सामने त्यानेच खेळलेत. गेल्या शनिवारी तर एकाच वेळी तीन गावांत होता!"

लिडल हसले नाहीत. बोट पुन्हा वर नेलं आणि पहिल्यापासून वाचायला लागले.

तेवढ्यात रेनी आला, क्लबचा टाय लावून. दिसेल त्याच्या खांद्यावर हात टाकायची त्याची जुनी सवय. "पिटलॉय म्हटलं की मला त्र्याऐंशी आठवतं बघा. काय पाऊस होता! दोघांना चकवलं आणि डाव्या पायाने असा हाणला..."

"डाव्या?" लिडल हळूच म्हणाले. "तुमचा डावा पाय म्हणजे नुसता उभं राहायला होता, असं ऐकलंय."

टॅम फिस्सकन हसला. रेनीही हसला. "त्या दिवशी चालला बाबा! खोटं वाटतं तर आर्चीला विचारा. त्याने पुस्तकात लिहिलंय. काय आर्ची, लिहिलंयस ना?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर मी नेमका शब्द शोधत आलो. त्या क्षणी तो लगेच सापडला.

"लिहिलंय," मी म्हणालो.

रेनी माझी पाठ थोपटून पुढच्या घोळक्यात गेला. लिडल जवळ आले. "तुम्ही पेट्री. ओळखलं मी. त्या दिवशी चहा देताना तुम्ही माझं नाव विचारलंत. एवढं विचारणारे तुम्ही एकटेच. मी पत्र टाकलं होतं तुम्हाला. मिळालं नसेल. हल्ली पत्रांचं काही खरं नाही."

त्यांनी माझ्यासाठी सबबीचं दार उघडून धरलं होतं आणि मी त्यातून निसटलो. "नाही," मी म्हणालो, "नाही मिळालं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"चल, टॅम."

"अरे, दुसरा हाफ आहे अजून!"

"बघितलाय मी दुसरा हाफ," लिडल म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले. टॅम काहीतरी चावट बोलणार होता, पण त्यांची पाठ बघून तोही मागोमाग निघाला.

ध्वनिवर्धकावर बदल जाहीर झाला : सात नंबर, ट्रायलिस्ट. यादी मीच टंकली होती. कप तसाच कट्ट्यावर ठेवून मी घरी आलो.

आठवा मसुदा मी सुधारला नाही. 'तुमचं पत्र मला चौदा मार्चला मिळालं. आज मी तुमच्याशी खोटं बोललो. तो गोल तुमचा होता. मी पाहिला, तुमच्या नावाने लिहिला आणि मग दुसऱ्याला दिला. पुस्तकातलं शहाण्णवावं पान खोटं आहे, आणि ते मला माहीत असताना मी लिहिलं. हे पत्र कुणालाही दाखवा, रेनीलाही.' खाली पूर्ण सही केली. मग वहीतलं ते पान पट्टी धरून फाडलं आणि सोबत घातलं. पेन्सिल पुसट झाली आहे, पण वाचता येते.

ते पाकीट उघडतील की तसंच चुलीत टाकतील, मला माहीत नाही. फलकावर आता जागा नाही. हे चार महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर होती.

सकाळी मासळीच्या दुकानाशेजारच्या लाल पेटीपाशी गेलो. पाकीट आत सरकवलं तरी बोटं काही वेळ सुटेनात. मागे एक बाई रांगेत उभी होती. "टाकताय ना, आजोबा?" ती म्हणाली.

मी सोडलं.