प्लुत वर्षाच्या आडोशाला

मी 'प्लुत वर्ष' बोलतोय. ओळखलं नाहीत ना? हल्ली सगळे मला लीप वर्ष म्हणतात. मी जुन्या पाठ्यपुस्तकातला शब्द.

माझं मूळ संस्कृतात. प्लुत म्हणजे उडी मारून गेलेलं. एरवी सोमवारी आलेली तारीख पुढल्या वर्षी मंगळवारी येते. माझ्या वर्षी मात्र फेब्रुवारी संपला, की ती मंगळवार ओलांडून थेट बुधवारी जाऊन बसते. म्हणून हे नाव.

पिंगळीच्या राजेश्रीनं शाळेत मला एका मार्कासाठी पाठ केलं आणि विसरून गेली. मग २०२४च्या एकोणतीस फेब्रुवारीला तिला साक्षी झाली. त्या दिवसांत ती येईल त्याला माझा अर्थ सांगायची. आयुष्यात एवढं कौतुक माझं कधी झालं नव्हतं.

पण साक्षी दोन वर्षांची व्हायला आली तरी पाऊल टाकेना. पांगुळगाडा दाराआड कोराच राहिला. परभणीच्या डॉक्टरांनी व्यायाम दिले. कधी चालेल, ते सांगितलं नाही. राजेश्री रोज तिचे पाय चोळते, आणि आपण उलटंच तर चोळत नाही ना, म्हणून रोज घाबरते.

यंदा फेब्रुवारी संपत आला तशी तिची सासू, सुलाबाई, वाढदिवसाला कुणाकुणाला सांगायचं ते विचारू लागली. राजेश्री म्हणाली, "यंदा तिची तारीखच नाही, आई. प्लुत वर्ष आता अठ्ठावीस साली."

उडी मारणाऱ्या शब्दाआड बाई लपली. मी लपू दिलं.

सुलाबाई गुडघे दाबत बसली. मग म्हणाली, "लोकं इचारतील, चालती का म्हनून. त्याला भ्याली न्हव तू?"

राजेश्रीनं साक्षीचे पाय चोळायला घेतले.

"मला बी कुठं चालाय येतंय? बसव तिला माझ्यापाशी. दोघी बसून खाऊत केक."

अठ्ठावीस तारखेला गल्ली जमली. एकीनं विचारलंच. राजेश्री म्हणाली, "अजून नाही." विचारणारीनं मान डोलावली आणि साक्षीच्या तोंडाला लागलेला केक पुसला.

मी २०२८ला येईन. तोवर साक्षी चालेल का, मला ठाऊक नाही. नावात उडी असली तरी मला ती कुणाला देता येत नाही. एकच विनंती आहे, माझा आडोसा करू नका. मी दोनच शब्दांचा. माझ्यामागे अख्खं लेकरू मावत नाही.