सातव्या तासाला

तीन वर्षं झाली, दर रविवारी दुपारी माझ्या माडीवर राक्षस मारले जातात. मोताळ्यात हे कुणाला सांगितलं तर ‘झुंबर मॅडम रिटायर झाल्या आणि बिघडल्या’ म्हणतील, म्हणून मी सांगत नाही. खेळ तसा साधा आहे. समता गोष्ट सांगते, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात, आणि वार लागला की चुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. समता माझी भाडेकरू, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. चौथीत माझ्याच वर्गात होती. मी खेळत नाही. खाटेवर बसून शेंगा सोलते आणि मोजते. पस्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईची खोड, जाणार कशी?

मागच्या रविवारची माझी नोंद अशी: गोकुळच्या जांभया अकरा, मोबाइल बाहेर नऊ वेळा, राक्षस खलास सात मिनिटांत.

दोष राक्षसाचा नव्हता. आधी खेळायला सहा जण होते. दोघं पुण्याला नोकरीला गेले, एक लग्न होऊन जालन्याला. उरले तिघं: आठ एकर कपाशी सांभाळणारा गोकुळ, आयटीआयत शिकवणारा प्रसेनजित आणि शिवणक्लास चालवणारी छकुली. तीन वर्षांत तिघांचे वीर इतके मुरलेत, की सहा नवख्यांसाठी लिहिलेली गोष्ट त्यांनी भज्यांच्या प्लेटसारखी संपवली.

जिना उतरताना गोकुळ म्हणाला, “समता, पुढल्या रविवारी मजा नाही आली तं मी क्रिकेटले जातो. टीमवाले बलावून राह्यले.”

तो गेला की उरणार दोघं, आणि दोघांत हा खेळ रंगत नाही. समता “जाय ना” म्हणून हसली. हसू उसनं होतं. तीही नोंद झाली.

मंगळवारी ती माझ्या ओट्यावर वही घेऊन बसली. खाडाखोड अशी, की वहीची दया यावी.

“राक्षस दुप्पट मोठा केला मॅडम, तं त्याच्या एका फटक्यात एक जण गार. सहातून एक गेला तं पाच राह्यतात, तिघातून गेला तं दोनच. बरं, राक्षस वाढवले, तं यांची एक पाळी होईपर्यंत त्यांच्या दहा होतात.”

“आणि आहे तसाच ठेवला तर?”

“सात मिनिटं.”

मी शेंग फोडली. “एका वर्षी आमच्या शाळेत सहा वर्ग आणि मी धरून शिक्षक तिघंच. तिघंही खमके. गोंधळ कुठं व्हायचा?”

“जिथं शिक्षक नाही तिथं.”

“मग?”

तिचा पेन थांबला. नंतर ती अशी उठली, की शेंगांचं सूप कलंडलं. “राक्षस नाही वाढवाचा, मॅडम! वर्ग वाढवाचे!”

शनिवारी कागद तयार होता. एकाच वेळी तीन ठिकाणी संकट. प्रत्येक फेरी म्हणजे एक तास. सात फेऱ्या तग धरला, की राक्षसाचा जीव उघडा पडणार आणि मग एका वारात खेळ खतम.

रविवारी गोकुळ आला तोच पायात क्रिकेटचे बूट घालून. म्हटलं, वा! परीक्षेला येताना नापासाचा दाखला सोबत.

गोष्ट सुरू झाली. कोरड्या नावाचा राक्षस गावावर आला. कपाशीच्या शेतात उभा, कितीही कापा, पुन्हा उगवे. तिकडं त्याची पिल्लं वेस फोडत होती आणि विहीर आटवत होती. विहिरीच्या दगडावर एक ओळ कोरलेली: ‘उगवतीपासून सातव्या तासाला त्याचा जीव.’

“म्हणजे सकाळी सहापासून सात तास,” छकुलीनं बोटांवर मोजलं. “दुपारी एकले. तोवर दम धराचा.”

प्रसेनजित वेशीवर, छकुली विहिरीवर, गोकुळ कोरड्यासमोर. दोन फेऱ्या झाल्या. गोकुळ मांडी सोडून गुडघ्यावर आला. जांभया शून्य.

“वेस सोडून मायाकडे ये बे!”

“आणि पिल्लं काय तुया घरी धाडू?”

“अरे, इहीर आटून राह्यली इकडं! मले कोणी इचारता का?”

चहा तीन कपांत तसाच गार झाला. पण चौथ्या फेरीत फासे फिरले. छकुलीच्या वीराचा जीव सहावर आला, प्रसेनजितचा चारवर. पाचव्या फेरीत तिघंही मरणार, हे मला खाटेवरून कळत होतं. समताला तर कळतच होतं. खेळ सोपा करून मारला होता मागच्या वेळी, आता अवघड करून मारत होती.

खाली मोटारसायकलचा हॉर्न वाजला. टीमवाले.

गोकुळ एकदम ओरडला, “थांबा! राक्षस कुठं उभा हाय?”

“कपाशीत,” समता म्हणाली.

“मंग घड्याळ काऊन पाहून राह्यले बे तुम्ही? उगवतीच्या बांधापासून सातवं तास! मायी सारी जिंदगी तासं डवरण्यात गेली, आन् मलेच कळू नये? कपाशीची सातवी ओळ! तिथं पुरला हाय त्याचा जीव!”

समतानं कागदाकडं पाहिलं. तिथं काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं: सातवी फेरी, दुपारी एक. तिनं कागद पालथा घातला.

“पळ,” ती म्हणाली. “पण मधात पिल्लं हायेत. पंधराच्या वर पाह्यजे.”

“मी वेस सोडतो, पिल्लं अंगावर घेतो!” प्रसेनजित उठून उभाच राहिला. छकुलीनं शेवटचा मंत्र विहिरीऐवजी गोकुळच्या पायांवर टाकला. वेस पडली, विहीर आटली. गोकुळनं फासा असा फेकला, की तो थेट माझ्या खाटेखाली.

“हात नका लावू! मॅडम, तुम्ही पाहा!”

तीन डोकी खाटेखाली. मी चष्मा सारखा केला, वाकले, माझ्या चपलेशेजारी पाहिलं. आयुष्यात कुणाची खोटी हजेरी लावली नाही, तेव्हाही लावणार नव्हते.

“सतरा.”

कोरड्या खलास. असा कल्ला झाला, की खालच्या पोरानं हॉर्न थांबवला. गोकुळ खिडकीतून वाकला. “ए, जा बे तुम्ही! अकरावा दुसरा पाहा!” मग बूट काढून कोपऱ्यात भिरकावले आणि मांडी घालून बसला. “हं. आता वेस कोण बांधते? आन् इहिरीचं काय?”

जाताना जिन्यात त्याला शंका आलीच. “समता, खरं सांग. तू कागदावर शेतातलंच तास लिव्हलं होतं ना?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी शेंगांकडं.

“हाव,” समता म्हणाली. “मंग काय घड्याळातला लिहीन? मोताळ्यात राह्यते मी.”

तिच्या नावापुढं त्या दिवशी एक खोटं मांडलं, आणि शेजारी लिहिलं: माफ.